चतुर्थीचा एक दिवस आणि मूर्तिकाराचें वर्ष

मराठ्यांच्या इतिहासांत दसऱ्याला जें महत्त्व आहे तें केवळ धार्मिक नाहीं. पावसाळा सरला, नद्यांना उतार पडले, रानांत वैरण मिळूं लागली, म्हणजे फौजा बाहेर पडत. पण त्या बाहेर पडण्यापूर्वीं सावकारांशीं बोलणीं, दाणागोटा, घोडीं, दारूगोळा यांची जुळवाजुळव व्हावी लागे. बखरकारांनीं लढाईचें वर्णन केलें. तयारी मात्र हिशेबाच्या कागदांत राहिली. लढाईचा निकाल पुष्कळदां या कागदांत आधींच ठरलेला असे, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकांना आतां नवीन नाहीं. हीच दृष्टि लहान धंद्यांच्या इतिहासाकडे वळवली तर काय दिसतें, हें पाहण्याचा येथें विचार आहे. सणाचा बाजार ही लहान कारागिराची मोहीमच होय. ती एका दिवसांत जिंकली किंवा हरली जाते. तिची तयारी मात्र वर्षभर चाललेली असते. उदाहरणादाखल आम्ही पेणचा गणपतीचा धंदा घेतों, कारण सणाच्या तयारीचे सर्व गुणदोष त्यांत ठळकपणें उमटले आहेत.

पेण हें रायगड जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. हा जिल्हा इ. स. १९८१ पर्यंत कुलाबा या नांवानें ओळखला जात असे. भात, मीठ आणि पोहे यांसाठीं पेणचें नांव होतेंच. पण महाराष्ट्राच्या घरोघरीं तें पोंचलें तें गणपतीच्या मूर्तींमुळें. गांवांत आणि आसपासच्या हमरापूर, जोहे, कळवे अशा खेड्यांत घराच्या पडव्या, माळे, अंगणांतील मांडव हेच कारखाने आहेत. एक घर साचा काढतें, दुसरें हात जोडतें, तिसरें रंग देतें. अंगरंग, पितांबर, दागिने हीं कामें शिकाऊ हातालाही जमतात. पण डोळ्यांची आखणी ज्याच्या हातीं असते त्याला कारखान्यांत वेगळा मान असतो. मूर्ति डोळ्यांवर विकली जाते, असें या धंद्यांतले लोक मानतात, आणि गिऱ्हाईक मूर्तीसमोर उभें राहून प्रथम काय पाहतें हें ज्यानें लक्षांत घेतलें असेल त्याला तें पटेल.

आतां या धंद्याचें पंचांग पाहूं. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला मूर्ति घरांत यावी लागते; पंचमीला आलेल्या मूर्तीचा उपयोग नाहीं. दिवाळीचें कापड दिवाळीनंतरही अंगावर घालतां येतें, मिठाई आठ दिवस खपते. पण चतुर्थीच्या दुपारीं जी मूर्ति कारखान्यांत उरली ती पुढच्या भाद्रपदापर्यंत जागा अडवून बसते. तोंवर तिचा रंग उतरतो आणि लोकांची आवडही पालटते. विक्रीला इतकी कठोर मुदत असलेले धंदे थोडेच.

या मुदतीच्या आड पाऊस येतो. कोकणांत मृग नक्षत्राच्या सुमारास आलेला पाऊस भाद्रपदापर्यंत हटत नाहीं, आणि त्याचें मान शंभर इंचांच्या वर जातें. मातीची मूर्ति सावलींत, सावकाश आणि सारखी वाळावी लागते. घाई केली तर भेगा पडतात, दमट हवेंत तर ती वाळतच नाहीं. म्हणजे मागणी ज्या महिन्यांत चढते तेच महिने कामाला सर्वांत वाईट. म्हणून शहाणा मूर्तिकार दिवाळीनंतर हळूहळू हात चालवूं लागतो, उन्हाळ्यांत मूर्ति सुकवून घेतो आणि पावसाळा रंगासाठीं राखून ठेवतो. कांहीं कारखाने रंग न दिलेल्या कच्च्या मूर्तिच परगांवच्या रंगकाम करणारांना विकतात. त्यांत नफा कमी, पण पैसा पावसाआधीं हातीं येतो. परदेशीं जाणाऱ्या मूर्ति जहाजानें जावयाच्या असल्यामुळें त्यांची पाठवणी कित्येक महिने आधींच करावी लागते. एकाच माळ्यावर एक गणपति सातासमुद्रांपलीकडे निघण्यासाठीं पेटींत बसत असतो, आणि दुसऱ्याची माती अजून मळली जात असते.

त्यांत चांद्रवर्षाची गोष्ट निराळी. इ. स. २०२२ मध्यें चतुर्थी ३१ ऑगस्टला आली. पुढच्या वर्षीं अधिक श्रावण पडल्यामुळें ती १९ सप्टेंबरला गेली. त्यापुढच्या वर्षीं पुन्हां ७ सप्टेंबरला. म्हणजे मूर्तिकाराचें एक वर्ष ३८४ दिवसांचें झालें, तर दुसरें ३५४ दिवसांचें. अधिक मासांत काम करावयास महिना जास्त मिळतो खरा. पण कर्जाचें व्याजही एक महिना जास्त चढतें. इंग्रजी महिन्यांवर चालणारें पतपेढीचें खातें आणि तिथींवर चालणारा धंदा यांची सांगड घालणें हें या कारागिराचें न शिकवलेलें अर्थशास्त्र आहे.

मग जुन्या काळीं हा भार कसा वाहिला जात होता? येथें कोकणांतील एका साध्या रीतीकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. आजही अनेक गांवांत चतुर्थीच्या बरेच दिवस आधीं घरधनी आपला लांकडी पाट गणपतीच्या शाळेंत नेऊन देतो. त्या पाटावरच त्याची मूर्ति घडते आणि त्याच पाटावरून ती घरीं येते. नेतांना नारळ, विडा आणि दक्षिणा ठेवावयाची. घासाघीस करावयाची नाहीं. या रीतीला आपण श्रद्धेचा भाग मानतों, आणि तो ती आहेच. परंतु धंद्याच्या दृष्टीनें पाहिलें तर पाट म्हणजे लेखी करार नसलेली मागणी होय. शाळेंत जितके पाट तितक्या मूर्ति. उरण्याची भीति नाहीं. कोणत्या घराला केवढी मूर्ति लागते, सोंड कोणीकडे हवी, हें पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असे. तयारीचे श्रम मूर्तिकाराचे असत. पण मूर्ति खपेल कीं नाहीं ही चिंता गांवानें आपल्याकडे घेतलेली असे. दोघांमध्यें जोखीम वाटून घेण्याची ही व्यवस्था होती, आणि तिला एका फळीहून अधिक साधन लागलें नाहीं.

ही व्यवस्था गांवापुरती होती. इ. स. १८९३ च्या सुमारास पुण्यास गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आलें, लोकमान्य टिळकांनीं त्याला आपल्या लेखणीचें आणि कर्तृत्वाचें बळ दिलें, आणि पुढें मुंबईपुण्याच्या चाळीचाळींत, पेठापेठांत मंडळें उभीं राहिलीं. गिरणीच्या व कचेरीच्या नोकरीसाठीं शहरांत आलेल्या कोकणी कुटुंबाला पाट नेऊन देण्याजोगी शाळा जवळ राहिली नाहीं. त्याला दुकानांतली तयार मूर्ति हवी झाली. येथें पेणचा भाग्योदय झाला. पण त्याच वेळीं मूर्तिकार आणि गृहस्थ यांची ओळख तुटली. आतां मूर्ति कोणासाठीं घडते हें घडवणाराला ठाऊक नाहीं. ती किती खपेल हा अंदाज आहे. आणि अंदाज चुकला तर भुर्दंड एकट्या त्याचा. मजुरी वर्षभर द्यावी लागते, पैसा मात्र शेवटच्या दोन महिन्यांत येतो. मधली दरी कर्जानें भरावयाची.

प्लॅस्टर ऑफ पॅरिस या धंद्यांत शिरलें तें या दरीमुळें. शाडूची माती गुजरातेंतील भावनगराकडून आणावी लागते. ती जड असते, वाळावयास दिवस घेते आणि प्रवासांत दुखावते. प्लॅस्टर थोड्या मिनिटांत घट्ट होतें, हलकें असतें, साच्यांतून नीट सुटतें. पावसाशीं आणि मुदतीशीं झगडणाऱ्या मनुष्याला तें वरदान वाटलें यांत नवल नाहीं. पाण्यांत तें सहज विरघळत नाहीं, हा त्याचा दोष विसर्जनानंतर दिसतो, आणि तो खरा व गंभीर दोष आहे. परंतु मूर्तिकार केवळ लोभानें प्लॅस्टरकडे वळला असें म्हणणें हा त्याच्यावर अन्याय होईल.

ही गोष्ट केवळ आपल्या देशाची नाहीं. जर्मनींतील थुरिंगिया प्रांतांत लाउशा नांवाचें कांचकामाचें गांव आहे, तेथें इ. स. १५९७ पासून भट्टी चालत आली. एकोणिसाव्या शतकांत नाताळच्या झाडावर टांगावयाचे कांचेचे गोळे तेथील कुटुंबें घरींच फुंकूं लागलीं. बाप कांच फुंकी, बायकामुलें आंत चांदीचा मुलामा देत व बाहेरून रंगवीत, आणि माल टोपल्यांतून सोनेबर्गच्या व्यापाऱ्यांकडे जाई. अमेरिकेंतील वुलवर्थ या दुकानदारानें इ. स. १८८० मध्यें मोठ्या नाखुशीनें पंचवीस डॉलरचा असा माल घेतला आणि तो दोन दिवसांत संपला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. पुढें त्यानें त्या व्यापारावर पुष्कळ पैसा मिळवला. डिसेंबरांतील एका दिवसासाठीं लाउशाचीं घरें वर्षभर राबत. पण सणाची किल्ली त्यांच्या हातीं नसून मधल्या व्यापाऱ्याच्या हातीं होती. इ. स. १९३९ मध्यें अमेरिकेंतील कॉर्निंगच्या कारखान्यांत असे गोळे यंत्रावर निघूं लागले, तेव्हां दूरच्या गिऱ्हाइकाला त्या घरांची आठवण राहण्याचें कारणच उरलें नाहीं. घडवणारा आणि घेणारा यांच्यांतील अंतर वाढलें कीं असें होतें.

पेणला या अंतराचा अर्थ इ. स. २०२० मध्यें कळला. मार्चअखेर टाळेबंदी आली तेव्हां मूर्ति माळ्यांवर भरलेल्या होत्या. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलें आणि अनेक कारखान्यांचीं छपरें गेलीं. मग सरकारनें घरगुती मूर्तीला दोन फुटांची आणि सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची मर्यादा घातली. सांथीच्या दृष्टीनें ती योग्य होती. परंतु त्याहून उंच मूर्ति उन्हाळ्यापूर्वींच घडून गेल्या होत्या. चतुर्थी २२ ऑगस्टला होती.

प्लॅस्टरच्या नियमांचाही इतिहास असाच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचीं विसर्जनाविषयींचीं मार्गदर्शक तत्त्वें इ. स. २०१० चीं; मे २०२० मध्यें तीं कडक झालीं; लगेच त्या वर्षापुरतीं शिथिल झालीं. जानेवारी २०२५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें त्यांचें काटेकोर पालन करण्यास सांगितलें. ९ जूनला घडवण्यास व विकण्यास मुभा मिळाली, पण नैसर्गिक जलाशयांत विसर्जनाला नाहीं. त्या दिवसापासून चतुर्थीला एकूणऐंशी दिवस उरले होते. नियमाचा हेतु चांगला आहे, याविषयीं आमचा वाद नाहीं. नदी आणि समुद्र कोणा एका धंद्याच्या मालकीचे नाहींत. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ज्याचें वर्ष दिवाळीनंतर सुरू होतें त्याला नियम दिवाळीपूर्वीं कळला पाहिजे. जूनमध्यें दिलेला उत्तम निर्णयही त्याच्या दृष्टीनें उशिराचाच असतो.

राज्यकर्त्यांविषयीं हें झालें. गृहस्थाचेंही कांहीं कर्तव्य आहे. शाडूची मूर्ति हवी असें आपण म्हणतों, आणि ती चतुर्थीच्या आदल्या रात्रीं स्वस्तांत मागतों. हीं दोन्ही एकत्र नांदणार नाहींत. माती वेळ मागते, आणि वेळ म्हणजे कोणाचें तरी कर्ज. जुन्या गृहस्थाला हें ठाऊक होतें, म्हणून तो आधीं पाट नेऊन देई. आजच्या शहरांत पाट नेणें शक्य नसेल. पण उन्हाळ्यांतच मूर्ति सांगून ठेवणें, आणि तिच्या मोलाचा कांहीं भाग तेव्हांच देणें, हें मंडळांना आणि कुटुंबांना अशक्य नाहीं. तेवढ्यानें मूर्तिकाराला किती घडवावें हें कळेल, व्याजाचा बोजा हलका होईल, आणि घाईसाठीं प्लॅस्टरकडे धांवण्याचें कारणही कमी होईल.

जुनी रीति ज्या गरजेंतून निघाली ती गरज अजून गेलेली नाहीं. सणाची तयारी एकट्या कारागिरावर टाकून सणाचा आनंद मात्र सर्वांनीं वाटून घ्यावा, ही वांटणी न्यायाची नव्हे.