परक्या स्वरांचें आपलेपण

वसईच्या ख्रिस्ती वस्तींतून लग्नाच्या वरातीपुढें बँड वाजूं लागला, म्हणजे वाटसरूचा पायहि नकळत ठेका धरतो. तथापि ‘हें संगीत विलायती, आपलें नव्हे’ असा शेरा आमच्या सुशिक्षित घरांतून अद्यापि ऐकूं येतो. तो इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरतो, हें पाहणें अगत्याचें आहे.

वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे चिमाजीअप्पांनीं ती जिंकीपर्यंत, पोर्तुगीजांकडे होती. गोमंतकावर त्यांचा अंमल १९६१ पर्यंत टिकला. तेथील चर्चच्या शाळांतून मुलांस प्रार्थनागीतांबरोबर स्वरलेखन व व्हायोलिन शिकविण्याची चाल पडली. पुढें पोटासाठीं मुंबईस आलेल्या गोमंतकीयांना हीच विद्या उपयोगी पडली. १९३५ सालीं लिऑन ॲबी या अमेरिकन निग्रो वादकाचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आला आणि जॅझ या नृत्यानुकूल संगीताचा येथें बोलबाला झाला. गोमंतकीयांनीं तें चटकन् आत्मसात् केलें. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ (१९१६–१९६७) हे त्यांतलेच. ‘चिक चॉकलेट’ या नांवानें गाजलेल्या या ट्रंपेटवादकास लोक हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

त्यांची गांठ पडली ती पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांशीं, म्हणजेच सी. रामचंद्रांशीं. हे विनायकबुवा पटवर्धनांचे शिष्य. एकाची तालीम गांधर्व महाविद्यालयाची, दुसऱ्याची ट्रंपेटाची! ‘शहनाई’ (१९४७) या बोलपटांतच रामचंद्रांनीं पाश्चात्य ठेका लोकप्रिय केला होता; ‘अलबेला’ (१९५१) मध्यें चिक त्यांचे साहाय्यक होते, व आपल्या ताफ्यासह पडद्यावरहि झळकले.

अशा ध्वनिमुद्रणांत संगीतकार चाल गाऊन दाखवी; साहाय्यक ती कागदावर उतरवून प्रत्येक वाद्याचा भाग निराळा लिही. तबकडीच्या एका बाजूस जेमतेम सवातीन मिनिटें मिळत. तेवढ्यांत मुखडा, अंतरे आणि मधले वाद्यांचे तुकडे चपखल बसवावे लागत. पाय थिरकतात ते बहुधा या तुकड्यांवरच. परंतु तबकडीवर नांवें छापलीं जात तीं संगीतकाराचीं व गायकांचीं. वादक बहुधा अनामिकच राहत.

आम्हीं लहानपणीं हीं गाणीं रेडिओवर ऐकलीं, गुणगुणलीं. तीं कोणीं वाजविलीं, हें विचारण्याचें मात्र आम्हांस सुचलें नाहीं. ज्यांचें नांव आपण घेत नाहीं, त्यांची विद्या परकी वाटावी यांत नवल तें काय? पेटी परदेशांतून आली आणि आमच्या भजनांत रुळली; तिला कोणी विलायती म्हणत नाहीं. मग ट्रंपेटानेंच काय अपराध केला आहे? वसईच्या वरातींतील तो बँड पुन्हा ऐकूं येईल, तेव्हां शेरा मारण्यापूर्वीं वाजविणाऱ्याचें नांव विचारावें. एवढें केलें तरी या जुन्या ऋणाची फेड सुरू होईल.