द्राक्षातील विष आणि रक्तातील विष

२०१० सालचा हंगाम निफाड-दिंडोरीच्या बागायतदारांच्या अजून स्मरणात असेल. क्लोरमेक्वाट नावाच्या वाढनियंत्रकाचा अंश मर्यादेहून अधिक आढळला म्हणून युरोपाने त्या वर्षी आपली द्राक्षे अडविली. आज द्राक्षात कोणत्या औषधाचा किती अंश उरला, हे प्रयोगशाळेत मोजल्यावाचून युरोपची पेटी हलत नाही. व्यवस्था चांगलीच आहे. आम्हांला मात्र पाहावयाचे आहे ते पाठीवर पंप घेतलेल्या माणसाकडे. त्याच्या रक्ताची मोजणी कोणी केली काय?

आपल्या देशात या विषाची दखल प्रथम घेतली गेली तीही खाणाऱ्यामुळेच. १९५८ साली केरळात शंभरावर माणसे विषारी पीठ खाऊन दगावली. फॉलिडॉल, म्हणजे पॅराथिऑन, जहाजात खाद्यवस्तूंबरोबर ठेवले होते; ते गळून पोत्यांत उतरले. हे पॅराथिऑन जर्मन रसायनतज्ज्ञ गेरहार्ड श्राडर यांनी शोधले, आणि टाबुन हे युद्धासाठी बनविलेले विषही त्यांचेच. दोहोंची करणी एकच. मज्जातंतूंचा संदेश वेळेवर थांबविणारे कोलिनेस्टरेज नावाचे द्रव्य ती निकामी करतात. मग डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ व घाम आवरत नाही, छाती भरून येऊन श्वास कोंडतो. अशा वस्तूला आपल्या खेड्यांत सरसकट 'औषध' म्हणतात!

केरळच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा आयोग बसला आणि त्यातून पुढे कीटकनाशक कायदा आला, पण दहा वर्षांनी, १९६८ साली. त्याखालील नियम १९७१ चे. त्यांतले एक कलम वाचून आम्ही थबकलो. अशा फॉस्फरसयुक्त औषधांशी काम करणाऱ्यांच्या रक्तातील कोलिनेस्टरेज दरमहा मोजावे, असे ते सांगते. पन्नास वर्षे उलटली. पेठ-सुरगाण्याहून बागांत येणाऱ्या एखाद्या मजुराचे रक्त असे महिन्याला तपासले गेल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

याचे फळ २०१७ साली यवतमाळात दिसले. त्या पावसाळ्यात कपाशी माणसाच्या डोक्याइतकी वाढली. बोंडअळीला बीटी वाण पुरेसे पडेनासे झाले होते, म्हणून फवारण्या वाढल्या. दोन-तीन औषधे एकत्र कालवली गेली. उंच झाडांवर मारलेला फवारा मजुराच्याच तोंडावर येई. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत शेकडो माणसे रुग्णालयांत दाखल झाली आणि एकट्या त्या जिल्ह्यात वीसच्या आसपास दगावली. बहुतेकांनी तोंडाला रुमाल बांधला होता, अंगात सदरा होता, पाय अनवाणी.

त्यांनी काळजी घेतली नाही, असे तेव्हा पुष्कळांनी म्हटले. आम्हांला हे पटत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात रबरी मोजे, चष्मा व मुखवटा चढवून चिखलात दिवसभर चालून पाहावे, मग बोलावे. शिवाय डब्यावरील मजकूर इतका बारीक असतो, की शिकलेल्यालाही भिंग लागावे.

श्रीलंकेने दुसरी वाट धरली. माणसाला सावध करीत बसण्यापेक्षा त्याने जहाल विषेच बाजारातून काढली. मोनोक्रोटोफॉस १९९५ सालीच गेले. पुढील दोन दशकांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटले आणि त्या बंदीपायी पिके बुडाल्याचे दिसले नाही. खेड्यात घरातच विष असणे, हाही याच प्रश्नाचा भाग आहे.

आपण २००५ साली मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यापुरते बंद केले. येथेही विचार खाणाऱ्याचाच. कपाशीवर ते चालूच राहिले. २०१३ साली बिहारात शाळेच्या जेवणातून त्याने २३ मुलांचा बळी घेतला. यवतमाळच्या फवाऱ्यांतही ते होते. त्याच्या ३६ टक्के द्रावणावर केंद्र सरकारने बंदीचा आदेश काढला तो २०२३ साली, आणि तोही शिल्लक साठा विकून संपविण्याची मुभा ठेवून.