तळटीप : जोसेफ जेंकिन्स

* जोसेफ जेंकिन्स (१८१८–१८९८) : वेल्श शेतकरी-कवी. ट्रेगॅरनजवळची नांदती शेती, बायको-मुलं मागे टाकून १८६८ च्या डिसेंबरात, पन्नाशीला, त्याने ऑस्ट्रेलियाची वाट धरली. व्हिक्टोरियात पाठीवर वळकटी घेऊन शेतमजुरी केली. पुढे माल्डन गावातली गटारं साफ केली. रोजनिशी इंग्रजीत, कविता मात्र वेल्शमध्ये. बॅलरॅटच्या आयस्टेद्वॉदमध्ये (वेल्श काव्य-संगीताचं संमेलन) त्याच्या एंग्लिनांनी बक्षिसं मिळवली. एंग्लिन म्हणजे चार ओळी, तीस अक्षरं आणि व्यंजनांच्या अनुप्रासाचे काटेकोर नियम. दिवसभर कुदळ मारून हे साधणं सोपं नव्हे. १८९४ मध्ये तो मायदेशी परतायला निघाला. आज त्याचं नाव आहे ते रोजनिशीमुळे. कवितेवर हा थोडा अन्यायच. वह्या मेलबर्नच्या राज्य ग्रंथालयात आहेत.