स्पांडाऊचे हेडमास्तर आणि शंकासूर

"मावशी, बाल्कनीत फुलपाखरं यावीत म्हणून कुठली झाडं लावू?" हल्ली भाचरं फोनवर असं विचारतात. यादी सांगायला दोन मिनिटं पुरतात. पण यादी लिहून घेणारा ती वही कुठे ठेवली तेच विसरतो, हे शाळेत इतकी वर्षं पाहिलं आहे. कारण समजलं की मात्र माणूस यादी स्वतःच करतो. म्हणून आज दोन माणसांची गोष्ट सांगते. एक हेडमास्तर आणि एक चित्रकार बाई. दोघंही जर्मन, दोघांच्या जन्मात शंभर वर्षांचं अंतर, आणि आपल्या कुंड्यांशी दोघांचाही जवळचा संबंध आहे.

आधी हेडमास्तर, कारण ते आपल्या जातीचे! ख्रिस्तियान कोनराड श्प्रेंगेल हे त्यांचं नाव. जन्म १७५० चा, एका पाद्र्याच्या घरातला. शिक्षण धर्मशास्त्राचं. १७८० पासून ते बर्लिनजवळच्या स्पांडाऊ गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक होते. (हे गाव आता बर्लिन शहरातच मोडतं.) तब्येत बरी नसायची, तेव्हा हाइम नावाच्या त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना वनस्पतींचा नाद लावला. औषध म्हणून लागलेला हा नाद पुढे आयुष्य व्यापून बसला.

१७८७ च्या उन्हाळ्यात त्यांनी रानजिरॅनियमचं फूल निरखून पाहिलं. पाकळ्यांच्या तळाशी, कडेला बारीक मऊ केस होते. आपण "असतील केस" म्हणून पुढे गेलो असतो. मास्तरांचा मात्र ठाम विश्वास होता की निर्मात्याने एक केससुद्धा उगाच ठेवलेला नाही. त्या केसांखाली मकरंदाचे थेंब होते. कपाळावरचा घाम भुवया अडवतात, तसे हे केस पावसाचं पाणी मकरंदात उतरू देत नाहीत, असा त्यांनी निष्कर्ष काढला. पण मग मकरंद इतका जपायचा तरी कुणासाठी?

पुढच्या वर्षी त्यांनी फर्गेट-मी-नॉटचं निळं फूल पाहिलं. त्याच्या तोंडाशी पिवळं कडं असतं. त्यांना वाटलं, ही तर पाटी आहे, "मध इकडे आहे" असं सांगणारी. वाटसरूला वाट दाखवावी तसं हे फूल किड्याला वाट दाखवतं. आणि किडा आत शिरला की त्याच्या अंगाला लागलेले परागकण फुलाच्या बीजाचं काम करून जातात. म्हणजे माशी मध चोरून नेते असं जे लोक समजत होते, ते तसं नव्हतं. ती मजुरी होती, आणि फुलानेच ती ठरवून दिलेली होती.

किडे परागकण वाहून नेतात हे कोलरॉयटर या जर्मन शास्त्रज्ञाने १७६१ मध्ये सांगितलं होतं. पण फुलाचा रंग, वास, आकार, ठिपके, केस हे सगळं त्या पाहुण्यासाठी मांडलेलं आहे, हे सविस्तर दाखवलं ते श्प्रेंगेल मास्तरांनी. रात्री उमलणारी फुलं फिकट रंगाची का असतात आणि त्यांच्यावर वाट दाखवणाऱ्या खुणा का नसतात, हेही त्यांनी लिहिलं. अंधारात खुणा दिसणार कुणाला? आपला मोगरा आणि रातराणी आठवून पाहा. काही ऑर्किड मध असल्याचा नुसता देखावा करतात आणि माशीला फसवतात, हेही त्यांनी ओळखलं. साडेचारशेच्या वर वनस्पतींची ही निरीक्षणं १७९३ मध्ये पुस्तकरूपाने आली. नाव मोठं होतं, पण त्यातले पहिले शब्द "निसर्गाचं उलगडलेलं गुपित" अशा अर्थाचे होते.

पुढे काय झालं? काहीच नाही. ज्यांनी दखल घ्यायची त्यांनी ती घेतली नाही. कवी गटे स्वतः वनस्पतींचा अभ्यासक, पण त्यालाही हा विचार पटला नाही. निसर्ग असा माणसासारखा हिशेब करत नाही, असं त्याचं म्हणणं. शाळेकडे दुर्लक्ष होतं अशा तक्रारी होत्याच, वरिष्ठांशी खटके उडत होते. १७९४ मध्ये मास्तरांना शाळा सोडावी लागली. पेन्शन मिळाली, ते बर्लिनला राहायला गेले, लोकांना फुलं दाखवायला रानात घेऊन जात. पुस्तकाचा दुसरा भाग कधी निघालाच नाही.

शिक्षिका म्हणून विचार करते तेव्हा मला दोन्ही बाजू दिसतात. वर्ग सोडून फुलांपाशी बसणारा मुख्याध्यापक माझ्या पाल्याच्या शाळेत असता तर मीही कुरकुर केली असती. पण शाळेची वेळ मुळात कशासाठी असते, हाही प्रश्न आहेच. असो.

१८११ मध्ये त्यांनी एक छोटं पुस्तक लिहिलं, मधमाश्या पाळण्याच्या उपयोगाबद्दल. त्यातला मुद्दा आजही ताजा आहे. मधमाशीचा मोठा फायदा मध आणि मेण हा नाही, तर तिच्यामुळे शेतात आणि बागेत धरणारी फळं आणि बिया हा आहे. राज्य जसं सैन्य पदरी बाळगतं तशा मधमाश्या बाळगाव्यात असं त्यांनी सुचवलं. तेव्हा युरोपभर नेपोलियनच्या लढाया चालल्या होत्या. माश्यांच्या सैन्याकडे कोण बघतो? १८१६ मध्ये मास्तर वारले.

पुस्तकाला न्याय मिळाला तो पंचवीस वर्षांनी. १८४१ मध्ये रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून चार्ल्स डार्विनने ते मिळवून वाचलं आणि तो थक्क झाला. १८६२ मध्ये त्याचं ऑर्किडवरचं पुस्तक आलं. त्यानंतर स्पांडाऊच्या मास्तरांचं नाव मानाने घेतलं जाऊ लागलं.

आता आपल्या कुंड्यांकडे येऊ. मास्तरांकडून घ्यायचा पहिला धडा असा, की झाड घेताना फुलात मध आणि पराग आहेत का ते पाहावं. नर्सरीत भरगच्च, डबल फुलं पुढे मांडलेली असतात. जास्वंद, गुलाब, तगर यांच्या डबल जातींत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. आपल्याला पाकळ्या जास्त मिळतात, माशीला पराग कमी. झेंडूचं एक फूल म्हणजे तर अनेक बारक्या फुलांचा गुच्छ. त्यातल्या मधल्या, नळीसारख्या फुलांवर किडे येतात, आणि गोंड्यासारख्या गच्च झेंडूत ती फारशी उरत नाहीत. देखावा मोठा, ताट रिकामं. त्या फसव्या ऑर्किडची आठवण व्हावी! म्हणून एकेरी फुलं निवडा. एकेरी झेंडू, एकेरी कॉसमॉस, सूर्यफूल.

रंगाचंही तसंच. मधमाशीला लाल रंग आपल्यासारखा दिसत नाही, उलट आपल्याला न दिसणारा अतिनील रंग तिला दिसतो, हे विसाव्या शतकात प्रयोगांनी कळलं. निळी, जांभळी, पिवळी, पांढरी फुलं तिच्या ओळखीची. लाल जास्वंदीवर शिंजीर येईल, तोही पाहुणाच. पण मधमाशी हवी असेल तर सगळ्यात सोपं म्हणजे तुळस आणि सब्जा. तुळस वाढावी म्हणून आपण मंजिऱ्या खुडतो. एका कुंडीतल्या तेवढ्या राहू द्याव्यात. कोथिंबीर, बडीशेप फुलावर येऊ द्यावी. अंगण असेल तर शेवगा. मग सातेरी, फुलोरी, कधी पोयाची माशी यायला लागते. वांगी, टोमॅटो लावणाऱ्यांनी भुंग्याला घाबरू नये. तो फुलाला धरून गुणगुणतो त्या थरथरीने पराग झडतात, आणि हे काम मधमाशीला जमत नाही. भोपळा आणि कारली यांची नर आणि मादी फुलं वेगळी, तिथे तर माशीवाचून फळच धरत नाही.

पण फुलपाखरांच्या बाबतीत मास्तरांचं उत्तर अर्धंच आहे. मधासाठी फुलपाखरू येईल, पिईल आणि जाईल. ते राहायला हवं, वाढायला हवं, तर दुसरी गोष्ट लागते. ती सांगितली मारिया सिबिला मेरियान या बाईंनी, मास्तरांच्या जन्माच्याही आधी.

मेरियान १६४७ मध्ये फ्रँकफुर्टला जन्मल्या. तेराव्या वर्षी त्यांनी रेशमाचे किडे पाळले आणि मग दिसेल ती अळी घरी आणून वाढवायला सुरुवात केली. त्या काळी किडे चिखलातून, कुजक्या पदार्थातून आपोआप उपजतात असं शहाणीसुरती माणसंही मानत. या मुलीने अंडं, अळी, कोश, फुलपाखरू हा क्रम डोळ्यांनी पाहिला आणि रंगवला. १६७९ मध्ये त्यांचं सुरवंटांवरचं पुस्तक निघालं. त्यातली खरी नवी गोष्ट ही, की बहुतेक चित्रांत अळी ज्या झाडाचा पाला खाते त्या झाडासकट काढलेली आहे. कुठलीही अळी कुठलंही पान खात नाही, तिचं घर ठरलेलं असतं, हे त्या चित्रांतून लहान मुलालाही कळेल.

१६९९ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, धाकट्या मुलीला घेऊन बाई जहाजाने दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेल्या. आजारपणामुळे दोन वर्षांत परतावं लागलं, पण १७०५ मध्ये साठ चित्रांचं पुस्तक आलं. त्यात एका चित्रात आपल्या अगदी ओळखीचं झाड आहे. आपला शंकासूर! लाल-पिवळ्या फुलांचा, लांब केसरांचा, शाळांच्या कुंपणाशी हमखास दिसणारा. तो मूळचा अमेरिकेतल्या उष्ण प्रदेशातला. त्या चित्राशेजारी बाईंनी लिहून ठेवलं आहे की डच मळ्यांवरच्या गुलाम बायका या झाडाच्या बिया गर्भ पाडण्यासाठी खात, कारण आपलं मूल गुलामीत जन्मावं असं त्यांना वाटत नसे. आणि हे आपल्याला त्या बायकांनीच सांगितलं, असंही बाई नोंदवतात. मी हे वाचलं त्या दिवसापासून शंकासुराकडे नुसतं शोभेचं झाड म्हणून बघता येत नाही.

फुलपाखरांना मात्र शंकासूर फार आवडतो. मध पिताना त्यांचे पंख त्या लांब केसरांना घासतात आणि पंखांवरूनच पराग पुढे जातात. सदाफुली मादागास्करची, झेंडू मेक्सिकोचा, शंकासूर अमेरिकेचा. आपल्या अंगणात पाहुणचार करणारे बरेच यजमान असे बाहेरगावचे आहेत, आणि ते मध देण्यात कसूर करत नाहीत. पण अळीचं जेवण बहुतेक वेळा इथल्या, साध्या, कुणी विकत न घेणाऱ्या झाडांवर असतं. कढीपत्ता आणि लिंबावर कॉमन मॉरमॉनच्या अळ्या वाढतात. लहानपणी त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात आणि त्यामुळे वाचतात. २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेलं ब्लू मॉरमॉन, म्हणजे राणी पाकोळी, तेही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं. रुईवर प्लेन टायगरची पट्टेरी अळी असते. पानफुटीच्या जाड पानाच्या आत शिरून रेड पियरोची अळी ते पान आतून पोखरते. आणि आपण काय करतो? रुई तण म्हणून उपटतो, कढीपत्त्यावर अळी दिसली की फवारा मारतो. मग फुलपाखरं येईनाशी झाली म्हणून हळहळतो.

म्हणून भाचरांनो, यादी अशी करायची. नर्सरीत झाडापुढे उभं राहून दोन प्रश्न विचारायचे. याच्या फुलात कुणाला काही प्यायला मिळेल का? हा मास्तरांचा प्रश्न. याच्या पानावर कुणाचं लेकरू वाढेल का? हा मेरियानबाईंचा. दोन कुंड्यांची जागा असेल तर एक एका प्रश्नाची, एक दुसऱ्याची. तुळस आणि कढीपत्ता, एवढ्यानेही सुरुवात होते. फवारा मात्र कपाटात ठेवा. कढीपत्त्याची पानं कुरतडलेली दिसतील, फोडणीला चार कमी पडतील. तेवढं चालवून घ्या.

मेरियानबाईंचा चेहरा पुढे जर्मनीने पाचशे मार्कांच्या नोटेवर छापला. मास्तरांच्या वाट्याला तसलं काही आलं नाही. पण सकाळी तुळशीपाशी सातेरी दिसली की घरातल्या मुलांना बोलावून दाखवा आणि त्यांचं नाव सांगा. उच्चार चुकला तरी चालेल. आणि कुणाच्या कढीपत्त्यावर अळी सापडली तर मला जरूर कळवा, कोश कधी होतो ते आपण मिळून मोजू.