वाळूच्या टेकड्यांतील केनेमर

हॉलंड म्हटलें कीं सपाट शेतें, सरळ कालवे, पवनचक्क्या आणि समुद्राच्या पातळीखालीं वसलेली जमीन, एवढेंच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. त्या देशाच्या पश्चिम कडेस वाळूच्या टेकड्यांची एक लांबच लांब रांग आहे, आणि ती नसती तर तीं शेतें व ते कालवे केव्हांच पाण्याखालीं गेले असते, ही गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं. याच टेकड्यांत, हार्लेम शहराच्या पश्चिमेस, झांडफोर्ट या समुद्रकाठच्या गांवीं गॉल्फ खेळाचें एक मैदान आहे. केनेमर क्लबाची स्थापना १९१० सालची. झांडफोर्ट येथील हें मैदान १९२८ सालीं खुलें झालें. स्कॉटलंडांतील समुद्रकांठच्या मैदानांचा जेवढा बोलबाला झाला तेवढा याचा झाला नाहीं. तथापि या वाळूचा इतिहास जाणणाऱ्यास या मैदानाची योग्यता मोठी वाटल्यावांचून राहत नाहीं.

आज दिसणाऱ्या या उंच टेकड्या फार प्राचीन नव्हेत. इसवी सनाच्या दहाव्या शतकानंतर, पुढील पांच-सहाशें वर्षांत, वाऱ्यानें किनाऱ्यावरची वाळू आंत लोटून त्या मुख्यतः रचल्या. परंतु ज्या वाऱ्यानें टेकडी रचली तोच तिला उडवूनही नेतो. म्हणून तेथील लोकांनीं हेल्म नांवाचें एक चिवट गवत हातानें ओळीओळीनें लावण्याचा प्रघात पाडला. या गवतावर वाळू चढली तर तें मरत नाहीं, उलट वाळू फोडून आणखी वर येतें. आणि त्याच्या मुळ्यांच्या जाळ्यांत टेकडी जखडून राहते. दोन टेकड्यांमधल्या खोलगट जागीं झांडफोर्टचे गरीब कोळी बटाटे पिकवीत. पावसाचें पाणी या वाळूंत मुरून स्वच्छ होई. १८५३ सालापासून तें नळानें अॅमस्टरडॅम शहरास मिळूं लागलें. अशा रीतीनें ही वाळू म्हणजे देशाचा तट, गरिबाचें शेत आणि शहराची विहीर, असें सर्व कांहीं होती. क्रीडांगण ती फार उशीरां झाली.

मात्र खेळ तेथें नवा नव्हता. काठीनें चेंडू मारीत दूरच्या खुणेपर्यंत न्यावयाचा ‘कोल्फ’ नांवाचा खेळ नेदर्लंड्समध्यें मध्ययुगापासून चालत आलेला होता. तो प्रथम रस्त्यांत आणि देवळांच्या आवारांत खेळला जाई. खिडक्यांच्या कांचा फुटत, वाटसरूंस चेंडू लागत, आणि नगरसभा त्यावर बंदी घालीत. १३८९ सालीं हॉलंडचा शासक आल्ब्रेख्ट यानें हार्लेमच्या नागरिकांस गांवाबाहेर ‘बान’ नांवाची एक मोकळी जागा खेळासाठीं दिली, ती या तंट्यावरची तोड होती. हिंवाळ्यांत कालवे गोठले कीं हाच खेळ बर्फावर चाले. सतराव्या शतकांतील डच चित्रकारांच्या कितीतरी चित्रांत असे खेळाडू दिसतात. उत्तर ध्रुवाकडील नोवाया झेम्ल्या बेटावर अडकून पडलेले बारेंट्सचे खलाशीदेखील १५९७ सालीं हा खेळ खेळल्याची नोंद त्या प्रवासाच्या रोजनिशींत आहे.

स्कॉटलंडांतील गॉल्फ या खेळापासूनच निघाला काय, हा वाद विद्वानांत अद्याप मिटलेला नाहीं. परंतु दोन्ही देशांत दळणवळण होतें हें निर्विवाद. १६१८ सालीं राजा पहिला जेम्स यानें एका कारागिरास स्कॉटलंडांत चेंडू बनविण्याचा मक्ता दिला, तेव्हां त्या आज्ञापत्रांत, चेंडूंच्या खरेदीपायीं देशांतील सोनें-रुपें बाहेर जातें, अशी तक्रार नमूद केली होती. पुढें सुमारें १७०० नंतर हॉलंडांतील मोकळ्या रानांतला कोल्फ लोपला. त्याचा संकोच होऊन आंखलेल्या आवारांतला एक लहानसा खेळ तेवढा शिल्लक राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गॉल्फ हॉलंडांत आला तो ब्रिटिश खेळ म्हणून. हेग येथें १८९३ सालीं त्याचा क्लब निघाला. घरांतून गेलेली वस्तु परक्याच्या हातून परत यावी, तसाच हा प्रकार म्हणावा लागेल.

झांडफोर्टचें मैदान आंखण्याचें काम हॅरी कोल्ट या इंग्रज गृहस्थाकडे आलें. कोल्ट १८६९ सालीं जन्मला. मूळचा तो वकील; पुढें सनिंगडेल येथील क्लबाचा चिटणीस झाला आणि मग मैदानें आंखणें हाच त्याचा व्यवसाय बनला. जमिनीचें मूळ रूप न बिघडवितां तिच्यांतूनच खेळाची वाट शोधून काढावी, ही त्याची पद्धत होती. गॉल्फच्या वाटेंत अठरा खळग्या असतात. प्रत्येक खळगीभोंवतीं आंखूड गवताची हिरवळ राखलेली असते, आणि कमींत कमी टोल्यांत चेंडू प्रत्येक खळगींत घालावयाचा असतो. वाळूची जमीन या खेळास फार मानवते. पाऊस पडला तरी पाणी सांचत नाहीं, गवत बारीक व दाट राहतें आणि चेंडू पडल्यावर दूरवर घरंगळत जातो. कोल्टनें या वाटा टेकड्यांमधल्या खोलगट पट्ट्यांतून नेल्या आणि हिरवळी नैसर्गिक उंचवट्यांवर बसविल्या. त्यामुळें येथें नुसतें बळ कामास येत नाहीं. वारा कोणीकडून आहे, चेंडू पडल्यावर जमीन त्यास कोठें नेईल, याचा हिशेब खेळाडूस आधीं करावा लागतो.

मग या स्थळाचें नांव मागें कां पडलें? एक तर लोकांच्या मनांत समुद्रकांठचें गॉल्फ आणि स्कॉटलंड यांची सांगड पक्की बसली आहे. दुसरें असें कीं, हें मैदान अगदीं लाटांच्या कडेस नसून गांवाच्या आंतल्या अंगास टेकड्यांच्या कुशींत आहे. उंच टेकडीवरची गवती छपराची क्लबाची इमारत सोडली तर येथें भव्य म्हणून दाखवावें असें फारसें नाहीं. शिवाय झांडफोर्टची कीर्ति आधीं समुद्रस्नानासाठीं झाली आणि १९४८ पासून मोटारींच्या शर्यतीसाठीं. ज्या गांवीं इंजिनांचा गडगडाट प्रसिद्ध, तेथल्या शांत टेकड्यांकडे कोण पाहतो?

परंतु या टेकड्यांवर शांतता नेहमींच नांदली असें नाहीं. १९४० च्या मे महिन्यांत जर्मनीनें हॉलंड जिंकलें. पुढें दोस्त सैन्य समुद्रांतून उतरेल या धास्तीनें जर्मनांनीं सबंध किनाऱ्यावर अटलांटिक तट म्हणून ओळखली जाणारी संरक्षणाची फळी उभारली. १९४२-४३ च्या सुमारास झांडफोर्टच्या बहुसंख्य रहिवाशांस गांव सोडावें लागलें आणि समुद्रासमोरचीं घरें, हॉटेलें पाडून टाकण्यांत आलीं. केनेमरच्या हिरवळींची तीच गत झाली. रणगाडे अडविण्यासाठीं भिंती आल्या, काँक्रीटचीं भुयारी ठाणीं आलीं, आणि कोल्टनें जपलेली जमीन उकरली गेली. ज्यांचीं राहतीं घरेंच गेलीं त्यांच्या दुःखापुढें एका क्रीडांगणाची हानि ती काय! तरीहि एक गोष्ट विसरतां येत नाहीं. ज्या वाळूनें शेंकडों वर्षें समुद्र अडविला, तिच्याकडून आतां माणसांनीं माणसें अडविण्याचें काम घेतलें.

युद्ध संपल्यावर घरांप्रमाणें मैदानाचीही डागडुजी झाली. कोल्टनें आंखलेली वाट बहुतांशीं जुन्या जागीं पुनः उभी राहिली. नंतर फ्रँक पेनिंक यानें आंखलेल्या आणखी नऊ खळग्यांची भर पडली. तरी जुन्या अठरांचें स्वरूप टिकून आहे. १९७६ सालीं येथेंच भरलेल्या डच ओपन स्पर्धेंत सेव्ही बालेस्तेरोस या एकोणीस वर्षांच्या स्पॅनिश तरुणानें युरोपीय दौऱ्यांतील आपला पहिला विजय मिळविला; पुढें तो जगांतील श्रेष्ठ खेळाडूंत गणला गेला. २०१३ सालीं याच स्पर्धेंत याच मैदानावर योस्ट लाउटेन या डच खेळाडूनें विजय मिळविला. ज्या हार्लेमच्या नागरिकांस १३८९ सालीं काठी-चेंडूसाठीं जागा मिळाली होती, त्या शहरापासून हें मैदान अवघ्या कांहीं मैलांवर आहे.

बालेस्तेरोसचा विजय आणि लाउटेनचा गौरव हीं या मैदानाचीं भूषणें खरींच. परंतु त्याची खरी योग्यता निराळी आहे. अटलांटिक तट बांधणाऱ्यांनीं वाळूवर आपली इच्छा लादली, आणि पांच वर्षांच्या आंत तो तट निरुपयोगी ठरला. हेल्मची रोपें लावणाऱ्यांनीं व खेळाची वाट आंखणाऱ्यानें वाळूचा कल ओळखून काम केलें. त्यांचें काम अद्याप उभें आहे. झांडफोर्टच्या टेकड्यांत आजही वारा वाळू उडवितो आणि गवत ती धरून ठेवतें. त्या दोहोंच्या मधून चेंडूची वाट जाते.