स्नायुबल-परीक्षण (खोडद परिसराच्या संदर्भात)

स्नायुबल-परीक्षण : एखादा स्नायू वा स्नायुगट इच्छेनुसार किती जोर लावू शकतो, याची हाताने किंवा उपकरणाने केलेली तपासणी. फिजिओथेरपीत व्यायाम ठरवणे, सुधारणा किंवा घसरण ओळखणे आणि दिव्यांगत्वाचे प्रमाण काढणे या तिन्ही गोष्टी तिच्यावर अवलंबून असतात. खोडद (ता. जुन्नर, जि. पुणे) हे गाव बाहेर ओळखले जाते ते जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीमुळे, पण जुन्नर-आंबेगावचा हा पट्टा द्राक्ष, टोमॅटो आणि कांद्याचा आहे. येथील माणसाचा स्नायू दुबळा होण्यामागे शेतीतील कामाची पद्धत अनेकदा असते, म्हणून या नोंदीत त्या कारणांना अधिक जागा दिली आहे.

पूर्वपीठिका : पद्धतशीर परीक्षणाचा उगम पोलिओच्या साथींत आहे. बोस्टनचे अस्थिशल्यविशारद रॉबर्ट लव्हेट यांच्या सहकारी विल्हेल्मिना राइट यांनी १९१२ मध्ये गुरुत्वाकर्षण हा मापदंड धरून केलेली प्रतवारी प्रसिद्ध केली. दुसऱ्या महायुद्धात चेतातंतूंच्या जखमा तपासताना ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४३ मध्ये ० ते ५ अशा अंकांची प्रतवारी रूढ केली. आज भारतात तीच चालते. महाराष्ट्रात फिजिओथेरपी व व्यवसायोपचार यांचे शिक्षण मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाले. कमला निंबकर यांनी १९५० मध्ये तेथे व्यवसायोपचाराची शाळा काढली आणि १९५२-५३ च्या सुमारास फिजिओथेरपीची शाळा उभी राहिली. हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ ची. पुण्यातील कृत्रिम अवयव केंद्र (१९४४) त्याआधीचे, मात्र ते सैनिकांसाठी स्थापन झाले होते.

प्रतवारी : आकुंचनाची खूणही नसेल तर ०. बोटांना आकुंचन जाणवते पण सांधा हलत नाही, ती १. अवयवाचा भार टेकवून दिल्यावर, म्हणजे गुरुत्वाकर्षण टाळल्यावर, हालचाल होते ती २. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पूर्ण हालचाल होते ती ३. तपासणाऱ्याच्या थोड्याफार रोधाविरुद्ध टिकते ती ४ आणि पूर्ण रोधाविरुद्ध टिकते ती ५. यांतली ३ ही प्रत सर्वांत विश्वासार्ह, कारण तिचा निकष तपासणाऱ्याच्या मनगटातील ताकदीवर ठरत नाही. ४ ही प्रत मात्र फार रुंद आहे. जेमतेम रोध सहन करणारा आणि जवळजवळ निरोगी, असे दोन्ही स्नायू तिच्यातच बसतात. काही जण ४ उणे व ४ अधिक असे पोटभाग करतात. दोन तपासनिसांचे त्यांवर एकमत होतेच असे नाही. शिवाय हे अंक म्हणजे सारख्या अंतरावरच्या पायऱ्या नव्हेत. गुडघा सरळ करणाऱ्या मांडीच्या स्नायूला ३ ही प्रत मिळवण्यासाठी आपल्या पूर्ण बळाचा लहानसा अंशच लागतो. त्यामुळे ‘३ म्हणजे निम्म्याहून अधिक ताकद’ हा समज चुकीचा आहे.

तपासणीची रीत : आधी सांध्याची हालचाल दुसऱ्याने करून पाहावी. सांधा आखडलेला असेल तर स्नायूवर दोष येऊ नये. मग चांगली बाजू, नंतर दुबळी बाजू. सांध्याच्या वरचा भाग घट्ट धरावा आणि रोध हळूहळू वाढवावा, झटका देऊ नये. फसव्या हालचालीकडे सर्वाधिक लक्ष द्यावे लागते. खांद्याचा त्रिकोणी स्नायू दुबळा असेल तर रुग्ण खांदा उचकवतो, धड विरुद्ध बाजूला कलवतो आणि हात वर गेल्यासारखा दिसतो. म्हणून डोळ्यांनी पाहणे पुरेसे नाही. स्नायूच्या पोटावर बोटे ठेवली पाहिजेत. दुखण्यामुळे जोर लागत नसेल तर प्रतीसोबत ‘वेदना’ अशी नोंद हवी. रुग्ण बसला होता की झोपला होता, हेही लिहावे. ते नसेल तर पुढच्या भेटीतील अंकाशी तुलना करता येत नाही. ताजे हाड मोडलेले असताना किंवा कंडरा नुकताच शिवलेला असताना रोध देऊ नये.

शेतीकाम आणि फूट ड्रॉप : कांदालागवड, खुरपणी, काढणी ही कामे तासन्‌तास उकिडवे बसून होतात. या बैठकीत गुडघ्याच्या बाहेरील बाजूस, नळीच्या हाडाच्या डोक्याजवळून जाणारी नस दबते. परिणामी पाऊल वर उचलता येत नाही (फूट ड्रॉप), चालताना बोटे घासतात, चप्पल निसटते. जगभर बसून तोडणी-काढणी करणाऱ्या मजुरांत हा प्रकार नोंदला गेला आहे. रुग्ण बहुधा ‘पायाला मुंग्या आल्या, मग पाऊलच पडलं’ असे सांगतो आणि पुष्कळदा आधी कमरेचे चित्र काढले जाते. येथे नेमके परीक्षण निर्णायक ठरते. पाऊल वर उचलणे व बाहेर वळवणे दुबळे, पण आत वळवणे शाबूत असेल तर दोष गुडघ्याजवळ आहे. आत वळवणेही दुबळे असेल तर कमरेतील पाचव्या मज्जामुळाचा संशय घ्यावा. टाचांवर दहा पावले चालायला लावणे ही शेताच्या बांधावरही होणारी चाचणी आहे. नस केवळ दबली असेल तर बैठक बदलल्यावर बहुतेकदा आठवड्या-महिन्यांत सुधारणा होते. तोवर पाऊल आधारपट्टीत ठेवतात आणि दर भेटीला प्रत लिहितात.

द्राक्षमांडवाखाली हात वर धरून छाटणी-विरळणी करणाऱ्यांचा खांदा दुखतो आणि टोमॅटोचे वीस किलोचे कॅरेट उचलणाऱ्यांची कंबर धरते. या तक्रारींत खरा दुबळेपणा आणि दुखण्यामुळे आलेला दुबळेपणा वेगळे काढणे हेच परीक्षणाचे मुख्य काम असते.

मण्यार व कीटकनाशक : मण्यारीच्या दंशात पापण्या जड होणे हे बहुधा पहिले लक्षण. त्यानंतर उशीवरून मान उचलता येते का आणि एका श्वासात किती आकडे मोजता येतात, हे पुनःपुन्हा पाहतात. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांचे सर्पदंशावरील काम या भागात सर्वश्रुत आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकाच्या विषबाधेत पहिला जोर ओसरल्यावर, साधारण एक ते चार दिवसांनी, मानेचे व खांद्या-मांड्यांचे स्नायू ढिले पडू शकतात. श्वास अडण्याआधीची ही सूचना असते. दोन्ही प्रसंगी तपासणी डॉक्टर व परिचारिकांची. फिजिओथेरपीची पाळी श्वसनाच्या आधारापासून पुढे येते.

गियाँ-बारे : जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड व किरकटवाडी भागात स्नायू दुबळे करणाऱ्या या चेताविकाराचा उद्रेक झाला. यात खांदा, कोपर, मनगट, खुबा, गुडघा व घोटा यांची एकेक हालचाल दोन्ही बाजूंना तपासून बारा प्रतींची बेरीज करतात, कमाल ६०. अतिदक्षता विभागात ४८ हून कमी बेरीज ही लक्षणीय दुबळेपणाची खूण मानतात.

कुष्ठरोग : सर्वांत सोपी आणि सर्वांत उपयोगी क्षेत्रीय पद्धत कुष्ठरोग-नियंत्रण कार्यक्रमाने दिली. अंकांऐवजी तीनच शेरे : बळकट, दुबळा, लुळा. डोळे घट्ट मिटणे, करंगळी बाहेर नेणे, अंगठा तळहातापासून उभा उचलणे, मनगट वर करणे, पाऊल वर करणे. या पाच हालचालींत पाच नसा तपासल्या जातात. आरोग्यसेवकाला ते घरोघरी जमते. सहा महिन्यांच्या आतला नवा दुबळेपणा वेळीच हाती लागला तर स्टेरॉइडने हात-पाय वाचू शकतात, म्हणून दर महिन्याची नोंद येथे औषधाइतकीच मोलाची आहे.

वृद्ध : मुठीची पकड डायनॅमोमीटरने मोजतात. वार्धक्यातील स्नायुक्षयावरील (सार्कोपेनिया) आशियाई कार्यगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार पुरुषांत २८ व स्त्रियांत १८ किलोहून कमी पकड दुबळी समजावी. उपकरण नसेल तर हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठ-बस; १२ सेकंद वा अधिक लागल्यास पुढील तपासणी करावी.

बालके : आज्ञा समजत नसल्याने खेळणे दाखवून, उठण्या-चढण्याच्या हालचालींवरून अंदाज घेतात.

संगणकीय समगती यंत्रे : मोठ्या शहरांतील क्रीडावैद्यक केंद्रांत.

दिव्यांगत्वाचा दाखला : केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांत प्रत ० साठी १०० टक्के बलहानी धरतात, पुढे १ ला ८०, २ ला ६०, ३ ला ४०, ४ ला २० आणि ५ ला शून्य. त्यांवरून ठरावीक सूत्राने अवयवाचे व पुढे व्यक्तीचे प्रमाण निघते. २०१६ च्या कायद्यानुसार बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतात. प्रतींमधील अंतर समान नसताना टक्के मात्र समान टप्प्यांनी उतरतात, हा या कोष्टकावरील मुख्य आक्षेप आहे. हाताच्या पंज्यातील दुबळेपणाने खुरपे किंवा छाटणीची कात्री धरता न येणाऱ्या शेतमजुराचे नुकसान त्यात पुरते उतरत नाही, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे. दाखला वैद्यकीय अधिकारी देतात. फिजिओथेरपिस्टची स्थिती-हालचालींसह लिहिलेली जुनी नोंद जोडली तर तपासणीला आधार मिळतो.