चार लोकांत रडणारं लेकरू



मागे आमच्या गटाच्या काही जणी कर्जाच्या कागदांसाठी बँकेत गेल्या होत्या. रांग लांब, वेळ दुपारची. एकीचं चार वर्षांचं पोरगं आधी बाकावरून उड्या मारत होतं, मग ‘पाणी दे’, मग ‘घरी चल’, आणि शेवटी त्यानं फरशीवर लोळणच घेतली. खिडकीच्या आतून कोणीतरी म्हणालं, "बाई, लेकरू आवरत नसेल तर घरी ठेवून यायचं." सगळी रांग तिच्याकडं पाहू लागली. तिनं पोराच्या पाठीत धपाटा घातला. पोरगं दुप्पट रडलं. परत येताना काळीपिवळीत बसल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्या त्याले त्याच्यासाठी नाही मारलं माय. त्या पाहणाऱ्याइसाठी मारलं."

हे वाक्य आमच्या पुढच्या दोन बैठका पुरलं. चार लोकांत लेकरानं कसं वागावं, आणि नाही वागलं तर आईनं काय करावं, हा प्रश्न काही आजचा नाही. म्हणून आज त्याच्या मागच्या इतिहासाकडं जाऊ.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून. सिंदखेडराजात रंगमहाल आहे. लखुजीराव जाधवांच्या घरी रंगपंचमीला मंडळी जमली होती आणि लहानगी जिजाऊ आणि लहानगे शहाजीराजे भर बैठकीत एकमेकांवर रंग उधळू लागले, अशी बखरीतली गोष्ट आहे. लखुजीराव हसून म्हणाले, जोडा शोभतो. मालोजीराजांनी तो शब्द लगेच धरला आणि त्यावरून मोठ्यांमध्ये वाकडं आलं. इतिहासकार ही गोष्ट जशीच्या तशी खरी मानत नाहीत. पण ती इतकी वर्षं सांगितली जाते आणि तिच्यात लेकरांना कोणी मारत नाही, हे आम्हाला सांगताना जाणवलं. लेकरं खेळली. भांडले ते मोठे.

आता गोष्टीतून आपल्या आज्यांकडं येऊ. त्यांच्या काळी लेकराला घेऊन जायच्या जागाच थोड्या. शेत, नदी, आठवडी बाजार, एखादी जत्रा. धुऱ्यावरच्या बाभळीला झोळी बांधली की झालं. घरात सासू, नणंदा, जावा; एकीचं रडलं तर दुसरी उचलायची. आणि मोठ्या पोराला गप्प करायला भीती होतीच. बागुलबुवा येईल, पोलीस नेईल, सुईवाली बाई येईल. (ह्या शेवटच्या धमकीचं बिल आज आमच्या आशाताई भरतात. लसीकरणाच्या दिवशी अर्धी पोरं त्यांना पाहूनच गोठ्यात पळतात.)

भीतीहून वाईट एक उपाय होता, त्याबद्दल बोलायला आज्या आजही कचरतात. अफू. कामावर जायचं आणि तान्हं सांभाळायला कोणी नाही, तेव्हा मोहरीएवढी अफू चाटवायची, लेकरू दिवसभर झोपायचं. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायांमध्ये तर ह्यासाठी बाळगोळ्या चालायच्या. शंभर वर्षांपूर्वी कामकरी बायांची पाहणी करणाऱ्या डॉक्टरांनी हे नोंदवून ठेवलं आहे. त्या आया वाईट होत्या का? नाही. बारा-बारा तासांच्या गिरणीत लेकरासाठी जागा नव्हती, एवढंच. ती लेकरं फार शहाणी दिसायची. गप्प पडून राहायची. बँकेच्या रांगेत हातात मोबाइल दिलेलं लेकरूही गप्प असतं. मोबाइल म्हणजे अफू नव्हे, आम्ही तसं म्हणत नाही. पण लेकरू गप्प बसलं म्हणजे त्याचं भागलं, असा अर्थ काढायची सवय मात्र जुनी आहे.

ह्याच काळात दूर इटलीत, रोम शहरातल्या एका गरीब वस्तीत, एक वेगळी गोष्ट घडली. कामगारांसाठी चाळी दुरुस्त केल्या होत्या. आईबाप कामावर गेले की लहान पोरं दिवसभर जिन्यांवर धुडगूस घालायची, नव्या भिंती खराब करायची. इमारतवाल्यांना भिंती वाचवायच्या होत्या. म्हणून त्यांनी एक खोली दिली आणि पोरांना तिथं गुंतवायचं काम मारिया माँटेसरी ह्या डॉक्टरबाईंवर सोपवलं. ६ जानेवारी १९०७ ला ती खोली उघडली. म्हणजे आज शहरात भारी फी घेऊन चालणाऱ्या माँटेसरी शाळांचं मूळ कुठं, तर चार लोकांना त्रास देणाऱ्या गरिबांच्या पोरांत! बाईंनी पाहिलं की हाताला काम मिळालं, मापात बसणारी खुर्ची-टेबल मिळालं, की तीच पोरं तासन्‌तास गुंतून राहतात. तरी एखादं दुसऱ्यांना त्रास देतच असेल तर? त्याला मारायचं नाही. कोपऱ्यात छोट्या टेबलाशी बसवायचं, जिथून बाकीची पोरं काम करताना दिसतील. त्याला आवडीच्या वस्तू द्यायच्या आणि बाईंनी अधूनमधून त्याच्याकडं जायचं, जसं आजारी लेकराकडं जातो तसं.

हे सगळं आपल्याकडं आणलं गुजरातेत गिजुभाई बधेका ह्यांनी. हे आधी वकील होते. १९२० साली भावनगरला त्यांनी बालमंदिर काढलं. लोक त्यांना ‘मिशाळ आई’ म्हणायचे. मारायचं नाही हे तर त्यांनी सांगितलंच, पण खाऊचं, बक्षिसाचं आमिषही दाखवायचं नाही, असं ते म्हणत. आमच्या बैठकीत हे ऐकून सगळ्यात जास्त गलका झाला. "मारायचं नाही, कुरकुरेबी द्यायचे नाही, मग काय आरती ओवाळायची?" असं एक काकू म्हणाल्या.

त्यांना उत्तर द्यायला आम्ही ताराबाई मोडकांची गोष्ट सांगितली. ताराबाई लग्नानंतर काही वर्षं आपल्या अमरावतीत राहिलेल्या. पुढं त्या गिजुभाईंसोबत भावनगरला काम करू लागल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ सुरू झाला. आधीचं काम शहरांतलं, शिकलेल्या घरांतलं. मग १९४५ साली, त्रेपन्नाव्या वर्षी, त्या डहाणूजवळच्या बोर्डी गावात गेल्या. सोबत अनुताई वाघ, बालविधवा, स्वतःच्या हिमतीवर शिकलेल्या. बोर्डीत दलित वस्तीतली पोरं बालवाडीत येईनात. तेव्हा ह्या दोघींनी बालवाडीच उचलली आणि वस्तीतल्या अंगणात नेली. आज आपल्या प्रत्येक गावात अंगणवाडी आहे, तो शब्द ह्या कामातून आला. सरकारी योजना तर त्यानंतर तीस वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली.

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर ह्या अंगणात आहे. तिथं महागडी खेळणी नव्हती. शंख-शिंपले, गोटे, बिया, पानं, माती. पोरांना आधी अंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग खेळ. पुढं १९५७ पासून कोसबाडला आदिवासी पोरं गुरं चारायला जायची म्हणून शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा. पोरगं जागेत बसत नसेल तर आधी जागा बदलून पाहायची, पोराला नंतर.

कायदाही हळूहळू ह्याच बाजूला आला. स्वीडन देशानं १९७९ मध्ये घरातसुद्धा लेकराला मारायला बंदी केली, जगात पहिल्यांदा. आपल्याकडं शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमानं शाळेत मारायला आणि मानसिक छळालाही मनाई आहे. मारणाऱ्या शिक्षकावर कारवाई होते. घरच्या धपाट्याबद्दल तो कायदा बोलत नाही.

आमच्यात ह्यावर एकमत नाही, हे सांगून टाकतो. "आम्ही मार खाऊनच मोठ्या झालो, काय बिघडलं?" असं म्हणणाऱ्या आहेत. एसटी स्टँडवर पोरगं गाडीसमोर धावलं तर दंड धरून ओढावंच लागतं, तिथं समजावत बसता येत नाही, ह्यावर मात्र कोणाचं दुमत नाही. आणि शेगावला दर्शनबारीत तीन-चार तास उभं राहायचं असेल तर पोराला आधी जेवू घालून, लघवीला नेऊन मगच रांगेत शिरायचं, हे तर मारणाऱ्याही करतात, न मारणाऱ्याही.

धपाटा मारणारी ती मैत्रीण बैठकीत फार बोलली नाही. तिनं एकच विचारलं, "त्या बाईनं पोरांसाठी खोली मागितली, तं आपण काहून नाही मागत?"

खोली काही मिळाली नाही. पण आता आमच्या बैठकीला एक जुनी पिशवी येते. तिच्यात चिंचोके, सागरगोटे, रिकाम्या रिळा, चिंध्यांच्या दोन बाहुल्या आहेत. सतरंजीच्या एका टोकाला ती ओततो आणि दर वेळी एक जण हिशेबातून सुटून पोरांजवळ बसते. बँकेत जातानाही ती पिशवी सोबत असते. मागच्या खेपेला तिच्या पोरानं रांगेतल्या लोकांच्या पायांमधून चिंचोक्यांची रेघ ओढली, थेट खिडकीपर्यंत. एका आजोबांचा पाय पडून रेघ मोडली, तर ते काठी टेकून खाली बसले आणि चिंचोके पुन्हा लावू लागले.